मागून आणलेलं रुखवत

रुखवत या शब्दावर माझा जुना राग आहे. आज कुणालाही विचारा, रुखवत म्हणजे लग्नाच्या मांडवात टेबलावर मांडलेल्या शोभेच्या वस्तू, असंच सांगतील. मण्यांचा पोपट, कापसाचा ससा, नवरा-नवरीसारखे नटवलेले दोन नारळ. पण शब्दकोश उघडला तर तिथे खाण्याचे पदार्थ निघतात. मुलीकडच्यांनी नवऱ्यामुलासाठी न्यायचा फराळ, ते रुखवत. शब्द मुळात आला कुठून, हे मी चार जाणत्या माणसांना विचारलं. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. खायची वस्तू बघायची कधी झाली, हे तर एकालाही सांगता आलं नाही. माझा आपला अंदाज असा, की फराळ खाऊन संपतो, आणि मुलीच्या हातांची परीक्षा घ्यायला काहीतरी टिकाऊ लागतं.

आमचं घर नागपुरातल्या विणकरांच्या गल्लीत. वडील मागावर बसायचे आणि मी सातव्या वर्षापासून चरख्यापाशी, त्यांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत. शाळेतून आलं की कांड्या, जेवण झालं की कांड्या. मणी ओवायला निवांत दुपार लागते, आणि ती आमच्या गल्लीत फारशी कुणाच्या वाट्याला येत नसे. शेजारच्या काकूंकडे मात्र एक पत्र्याची पेटी होती. त्यांच्या थोरलीनं केलेलं सगळं रुखवत तिच्यात जपून ठेवलेलं. गल्लीत कुठल्याही मुलीचं लग्न निघालं की ती पेटी त्या मांडवात जायची. पाहुणे दरवेळी नवे, त्यामुळे पोपट कुणाच्या ओळखीचा नसायचा. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंही नाही.

माझं लग्न सत्तरच्या दशकात झालं, कोराडीला नोकरी असलेल्या मुलाशी. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि नवऱ्याची आत्या रुखवताच्या टेबलाशी येऊन थांबली. तिनं पोपट उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"हा राघू तं मी मागच्या साली याच गल्लीत पाह्यला. दुसऱ्या पोरीच्या लग्नात."

आई लगबगीनं पुढे झाली. "नाही जी, माह्या पोरीनंच केला हा."

"काहून वं, तूच केला?" आत्यानं मलाच विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी चार बायकांत तिचा शब्द राहिला असता. पण खरं बोलण्याची मला तेव्हा भारी मस्ती होती.

"नाही जी. मागून आणलं हे. मले मण्याचं काम येतच नाही. अंगावरच्या ह्या लुगड्याच्या कांड्या भरल्या, तेवढंच माह्या हातचं."

आत्यानं माझा पदर बोटांत धरून पाहिला. "पोरगी सच्ची हाये," ती हसून म्हणाली आणि पंगतीकडे गेली. पुढे तासभर माझ्या खरेपणाचं कौतुक चाललं होतं. आई कोपऱ्यात बसून एकेक वस्तू पेटीत भरत राहिली. पाठवणीच्या वेळीही ती माझ्याशी धड बोलली नाही.

सासरी ही गोष्ट मी ताठ मानेनं सांगत असे. पहिल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. मी तिला छेडलं, "अजून राग हाये का वं, आई?"

तिचा हात थांबला.

"राग कायचा. पोरीले कधी एक दुपार मोकळं बसू देलं नाही मी. लोकायले ते दिसू नये म्हणून खोटं बोलली होती. तू साऱ्यायले सांगून टाकलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.