सीटवरची पिशवी आणि बिनड्रायव्हरची गाडी

परवा साताऱ्याच्या स्टँडवर वडूजच्या गाडीत बसले होते. एका बाईंनी बाहेरूनच खिडकीतून माझ्या शेजारच्या सीटवर पर्स टाकली आणि दाराकडे गेल्या... माझा हात आपोआप त्या पर्सवर गेला. इतकी वर्षं झाली, तरी ती सवय काही जात नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात बी.ए. करत होते. ताई लग्न होऊन अमेरिकेला गेलेली, तिचे दिवस भरत आले होते. भावजींशिवाय तिथं तिचं कोणी नाही, म्हणून आई निघाली आणि सोबतीला मी.

निघताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझ्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवली. दोघींचे पासपोर्ट, पुढची तिकिटं, ताईचा पत्ता, सगळं त्यात. "ही गळ्यातनं काढायची न्हाई. झोपतानासुदिक न्हाई!" आबा रिटायर्ड हवालदार, त्यामुळे हा हुकूमच होता.

अमेरिकेतल्या एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. पुढचं विमान तासाभरात, तेही दुसऱ्या टर्मिनलवरून. दोन टर्मिनलच्या मधे ठरलेल्या मार्गावरून छोट्या गाड्या सारख्या ये-जा करायच्या. आत मोजक्याच सीटा, गर्दी वाढत चाललेली... आणि पाय सुजलेली आई पार मागे राहिलेली.

मग मी काय केलं? आपण स्टँडवर करतो तेच! पळत आत शिरले, गळ्यातली पिशवी सीटवर ठेवली आणि आईला हाताला धरून आणायला बाहेर आले. कंडक्टरने बेल दिल्याशिवाय गाडी हलते थोडीच...

मागे दार बंद झालं.

मी काचेवर थापा मारल्या. "ओ, थांबवा, माणूस यायचंय!" असं चक्क मराठीत ओरडले. ड्रायव्हरला सांगावं म्हणून पुढच्या टोकाला धावले, तर तिथं नुसती काच... ड्रायव्हर नाहीच! गाडी आपली आपण निघून गेली.

पासपोर्ट गेले, विमान चुकणार, ताई तिकडे वाट बघत बसणार आणि तिचा पत्तासुद्धा आमच्याकडे नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या मला कोणाला विचारायला एक शब्द फुटेना. आईजवळ जाऊन सगळं सांगितलं आणि रडायलाच लागले.

आई रागावली नाही. "डायवर न्हाई म्हंतीस? मंग ती वाट सोडून जाईल कुठं? तुजं आबा बाजारातनं येताना बैलगाडीत झोपायचं, बैलं बरोबर दारात आणायची. यील माघारी. हितनं हलू नगंस."

बोलली धीराने, पण माझं मनगट काही सोडलं नाही.

एक गाडी आली... पलीकडच्या मार्गावर. ती आमची नव्हती. दुसरी आली ती मात्र आमच्याच दारापाशी. दार उघडलं, मी सीट बघितली... सीट रिकामी. वाकून सीटखाली बघितलं, तिथेही काही नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक गोरी म्हातारी पुढे आली. आमची पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती! काच बडवणारी मी तिला आतून दिसले होते. म्हणून पलीकडे न उतरता ती तशीच परत आली होती. तिलाही विमान गाठायचं असणार... सारखी घड्याळाकडे बघत होती.

आईने ताईसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तिथेच उघडला आणि एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "खा बाई. बाळंतिणीचं हाय, पर तू खा." मग तिघी मिळून त्याच गाडीने पलीकडे गेलो. आमचं विमान मिळालं. तिचं मिळालं का, कुणास ठाऊक... मी साधं थँक्यू म्हणायचंही विसरले होते.

तर परवा त्या बाई आत येईपर्यंत मी त्यांच्या पर्सवर हात ठेवून बसले होते. त्यांना वाटलं, म्हातारीला हीसुद्धा सीट बळकावायचीय. म्हटलं, "नाही हो... मी फक्त राखण करतेय."