ब्रिनची हलकी कासवं

तर कासवं ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. काल गोष्ट अर्धीच राहिली आणि तुम्ही टांगणीला लागलेला जीव घेऊन उठून गेलात, मलाच वाईट वाटलं.

आमची नात ब्रिन वावरा, कॉलेजची पैलवान, एकशे एकतीस पौंडी गट. तिच्या प्राध्यापिका डॉक्टर लिंडग्रेन यांनी तिला जानेवारीत आपल्या संशोधनात घेतलं. टाक्यांत चाळीस कासवं. निम्म्यांना जुना चारा, निम्म्यांना नवा. दर शनिवारी सगळ्यांचं वजन. तालमीतल्या पोरी लगेच चिडवायला लागल्या, "काय गं कासवांच्या कोच, तुझा हा ढब्बू कुठल्या गटात उतरणार?"

आणि पहिल्याच शनिवारी सगळी कासवं वीस-वीस ग्रॅमनी हलकी! आधी हे काम करणाऱ्या मुलाच्या वहीत आकडे चांगले होते. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्यालाही तेच. बाईंनी पाणी तपासलं, चारा तपासला, गुरांचा डॉक्टर आणला. काही सापडेना. शेवटी म्हणाल्या, "ब्रिन, या शनिवारीही असंच आलं तर प्रयोग बंद. आजारी जनावरं मी टाकीत ठेवणार नाही."

प्रयोग बंद म्हणजे एप्रिलमध्ये संशोधकांच्या सभेत ब्रिन जे मांडणार होती तेही बंद. मॅटवर खांदा निखळला तेव्हा हूं की चूं न केलेली पोर फोनवर मुसमुसायला लागली, "आजोबा, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय."

आता मी आठ इयत्ता एकाच खोलीत शिकलेला म्हातारा. पण डुकरं जन्मभर तोलली आहेत. शनिवारी सकाळी खसखशीच्या कोलाचेंचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांचा, डबा घेऊन गेलो आणि स्टुलावर बसून राहिलो. ब्रिनचं स्वतःचं वजन दुपारी कुस्तीच्या आधी व्हायचं होतं, त्यामुळे डब्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. एकेक कासव काढून टॉवेलने पुसत होती. पाठ पुसली, पोट पुसलं, काखासुद्धा पुसल्या! मग काटा.

मी म्हटलं, "अगं, यांना कुस्तीला पाठवतेस का? न्याहारी तरी झाली का त्यांची?"

"छे! काल दुपारपासून काही दिलं नाही. आता वजन झालं की देणार."

बाई मागेच उभ्या होत्या. "पण आधीचा मुलगा तर अगोदर खाऊ घालायचा, म्हणजे ती गप्प बसायची. आणि पाण्यातून काढून तशीच ओली..."

नुकतंच तोललेलं एक कासव बाईंनी घेतलं. पोटभर खाऊ घातलं, पाण्यात बुडवलं, काट्यावर ठेवलं. एकवीस ग्रॅम जास्त!

बाई उलट्या बादलीवर मटकन बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. सकाळपासून घशाखाली घास गेला नव्हता म्हणे. माझे दोन कोलाचे उभ्याउभ्या नाही, बसल्याबसल्या संपवले. मग म्हणाल्या, "उपाशी, कोरडं वजन हेच खरं वजन. यापुढे असंच करायचं. आणि एप्रिलला हेसुद्धा तूच सांगायचंस. पण पोरी, त्यांना उपाशी ठेवतेस हे मला एकदा तरी बोलायचं नाहीस?"

ब्रिन बिचारी खरोखरच गोंधळली. म्हणाली, "त्यात सांगायचं काय, डॉक्टर? वजनाला उभं राहायच्या आधी कोणी जेवतं का?"