एवढंसं चक्र

लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा तेल्हाऱ्याच्या मोटार स्टँडवर मला पोचवायला अर्धा माळीपुरा आला होता. बाबा माझ्याशी बोलतच नव्हते. टपावर चढवलेल्या वांग्यांच्या डालीला दोरी नीट बसली का, ड्रायव्हर शुद्धीत आहे का, एवढीच त्यांची चौकशी चालली होती. शेवटी मोटार घरघरायला लागली तेव्हा ते खिडकीशी आले. म्हणाले, "यमुने, आपण फुलं लावतो, ते लोक फुलं विकतात. फरक हाय. पण मानसं वाईट नाहीत." मायनं पदर तोंडात कोंबला होता. ती एवढंच म्हणाली, "जास्त इचार नको करत जाऊ वं."

जास्त विचार नको करत जाऊ! जिनं मला जन्म दिला तिला माझा स्वभाव माहीत नव्हता असं थोडंच आहे? दूध चुलीवर ठेवायच्या आधीच ते उतू जाईल म्हणून घाबरणारी मी. अकोल्याला आम्ही आगगाडीत बसलो. मूर्तिजापूरला हे चहा आणायला खाली उतरले, आणि ते परत येईपर्यंत मी मनातल्या मनात विधवा होऊन, तेल्हाऱ्याला परत जाऊन, मळ्यात निंदायलाही लागले होते. हे आले, दोन्ही हातांत चहा. मला रडताना पाहून म्हणाले, "काय झालं? गाडीनं अजून शिट्टी बी नाही मारली."

हे लिहिते आहे ते तेल्हाऱ्यात राहिलेल्या माझ्या भावांसाठी, आणि माझ्यासारख्या तिथून उठून अमरावतीला, नागपूरला, मुंबईला गेलेल्यांसाठी. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, नाताळाच्या ऐन सीझनात तुम्ही अर्धा दिवस दुकान काहून बंद ठेवता, डोकं फिरलं का? डोकं फिरलं नाही. एकदा नीट सांगून टाकते.

आमचं दुकान अंबादेवीच्या वाटेवर. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. माहेरी सण म्हणजे पहाटे फुलं तोडायची, बाजारात धाडायची आणि मग न्हाऊन पुरणपोळी. इथं सण हा शब्दच कोणी वापरत नसे. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांच्या तोंडी एकच शब्द: सीझन. दसऱ्याचा सीझन, दिवाळीचा सीझन, लग्नाचा सीझन. दसऱ्याला उभ्या अमरावतीच्या दारांवर आमच्या झेंडूची तोरणं, आणि आमचं दार रिकामं. आमचा दसरा दुसऱ्या दिवशी, उरल्यासुरल्या, मान टाकलेल्या फुलांचा. पहिल्या वर्षी मी विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "हलवाई काय मिठाई खात बसते काय?" तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढं मीही तशीच झाले. देवळात आरती चाललेली असायची आणि माझं लक्ष लोकांच्या हातांतल्या हारांकडं, आपले किती आणि समोरच्या दुकानातले किती.

नाताळही तसाच. चर्चची सजावट, कॅम्पातल्या बंगल्यांची ऑर्डर, मिशनच्या दवाखान्यातले गुच्छ. नाताळ कशाचा असतो हे मला कोणी विचारलं असतं तर पांढरी शेवंती महाग होते त्याचा, असं मी सांगितलं असतं.

आता एका कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चक्र. बांबूच्या कामटीची गोल चौकट, तिच्यावर अशोकाची पानं आणि वरून पांढरी फुलं. ख्रिस्ती माणूस गेला, कोणी मोठा पुढारी गेला, की चक्राची ऑर्डर यायची. मामंजींनी त्याचे तीन नियम घालून दिले होते. चक्राचे पैसे घ्यायचे नाहीत. एकदा बांधायला घेतलं की अर्धं टाकून उठायचं नाही. आणि कोणासाठी आहे ते विचारायचं नाही. विचारलं की मरण आपल्या दुकानात येऊन बसतं, असं ते म्हणत. मामंजी गेले तरी नियम राहिले.

निमी, माझी पहिली लेक, दीड वर्षाची असताना तिला घटसर्प झाला. आधी वाटलं सर्दी आहे. मग तिचा श्वास करवतीसारखा वाजायला लागला. मिशनच्या दवाखान्यात नेली तर डॉक्टरीणबाईंनी, त्या परदेशातल्या होत्या, लगेच तिच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि तिला अलग खोल्यांच्या वऱ्हांड्यात ठेवलं. रोग पसरतो म्हणून आईलाही आत येऊ देत नव्हते. खिडक्यांच्या काचा खालून अर्ध्या पांढऱ्या रंगवलेल्या. मी समोरच्या लिंबाखाली बसून राहायची. नळीमुळं लेकराचा आवाज बंद. ती रडत असली तरी मला ऐकू येणार नाही, या एका विचारानं मी वेडी व्हायची बाकी होते. सकाळ-संध्याकाळ मार्थाबाई नावाची नर्स पायरीवर येऊन सांगायची, "जशीच्या तशी हाय बाई." जशीच्या तशी म्हणजे काय? चांगली की वाईट? पण तिला पुढं विचारायचं मला धाडस होत नसे.

असे काही दिवस गेले आणि नाताळाचा आदला दिवस उजाडला. सकाळीच आत्याबाई लिंबाखाली आल्या. "अंदर तुले घेत नाहीत. भाईर बसून काय झाड राखून राहिली? दुकानात फुलं सडून राहिली, हात कमी पडून राहिले. चाल." माझ्या तोंडावर आलं होतं की तुम्हाला नात प्यारी की सीझन प्यारा. पण उठले आणि गेले.

दुपारी दवाखान्याचा चपराशी सायकलवरून आला. उतरलासुद्धा नाही. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "मडमनं एक चक्र सांगतलं. सांजच्या आत अलग खोल्यायच्या वऱ्हांड्यात पोचवा." दोन्ही हातांनी माप दाखवलं. एवढंसं. आमचं नेहमीचं चक्र परातीएवढं असतं. त्यानं दाखवलं ते ताटलीएवढं. लहान मुलाचं.

हे ऑर्डरी पोचवायला कॅम्पात गेलेले. दुकानात मी आणि आत्याबाई दोघीच. मी तोंड उघडलं आणि आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. नियम. चपराशी टांग मारून निघूनही गेला. अलग वऱ्हांड्यात चार खोल्या होत्या. एकीतलं लेकरू आठवड्याच्या सुरवातीलाच गेलं होतं, लांबच्या खेड्यातलं होतं, आईबापांनी दवाखान्याच्या मागच्याच जमिनीत त्याला पुरलं आणि रडत गावी गेले. उरल्या तीन खोल्या. तिसऱ्या खोलीत निमी.

मी चप्पल पायात घातली. आत्याबाई म्हणाल्या, "जाय तू. पळत जाय. मी बांधतो चक्र." मी दारापर्यंत गेले, आणि काय झालं मला, आजही सांगता येत नाही. परत फिरले. म्हटलं, "आत्याबाई, तिचं असन तं ते मीच बांधीन. दुसऱ्या कोनाचा हात नाही लागू देणार."  चर्चसाठी बाजूला काढून ठेवलेली टोपली आत्याबाईंनी ओढून आणली, सगळ्यात चांगली, पाणी शिंपडून टवटवीत ठेवलेली शेवंती, आणि माझ्या पुढ्यात उपडी केली. सीझनची फुलं! मग स्वतः बसून एकेक पान पुसून माझ्या हातात द्यायला लागल्या.  गिऱ्हाईक येत होतं, हाका मारत होतं, शिव्या देऊन जात होतं. दोघींपैकी कोणी मान वर केली नाही.

काय काय येत होतं मनात! तेल्हाऱ्याला कोण कळवणार. मायला उभ्या उभ्या सांगू नका, आधी बसवा. निमीचा लाल झबला अजून धुवायचा राहिला आहे. तिला मी नेहमी म्हणायची, किती किरकिर करतेस गं, जरा चूप बस. देवा, आता कधी नाही म्हणणार. हे सगळं मनात चाललं होतं आणि हात मात्र सराईतासारखे दोरा आवळत होते, एकही फूल वाकडं नाही. स्वतःच्या हातांचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

चक्र पदराखाली झाकून आम्ही टांग्यात बसलो. टांगेवाल्यानं विचारलं, नाताळाचं सामान का? आत्याबाई त्याच्या अंगावर ओरडल्या, "घोडा पाह्य तू आपला!" दवाखान्याच्या फाटकावर कागदाच्या चांदण्या लटकवल्या होत्या. आतून पोरींच्या गाण्याचा आवाज येत होता. मला संताप आला. इथं लेकरं मरून राहिली आणि यांना गाणी सुचतात.

मार्थाबाई अलग वऱ्हांड्याच्या पायरीवर उभी होती. मी चक्र पुढं केलं. तिनं ते पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अवं माय! हे तं मयतीचं झालं! मयतीचं काहून आनलं?"

"तुमीच सांगतलं नं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मडमनं दारावर टांगाले सांगतलं होतं. तिच्या देशात नाताळाले दारावर हिरव्या पानायचं गोल टांगतात, लाल फुलं लावून. खुशीचं असते ते. लेकरायच्या खोल्यायले बी सन पाहिजे म्हने. दार लहान, म्हनून लहान सांगतलं. त्या मेल्या चपराश्यानं..." ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडं पाहिलं. मग तिला सगळं समजलं आणि ती मटकन पायरीवर बसली. "बाई, तू हे... आपल्या पोरीसाठी बांधलं काय वं?"

मी हो म्हटलं का नाही, आठवत नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गोऱ्या, उंच, ॲप्रनला चिक्कीचे डाग, लेकरांसाठी चिक्की करत होत्या म्हणे. मार्थाबाईनं त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग माझे दोन्ही खांदे धरून, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "मुलगी आहे. आहे! नळी आज काढली. ये." आणि ज्या दारातून इतके दिवस मला आत घेत नव्हते, ते दार त्यांनी स्वतः उघडलं. माझ्या तोंडाला फडकं बांधलं आणि आत ढकललं.

निमी पाळण्यात बसली होती. गळ्याला पट्टी. माझं तोंड झाकलेलं, तिनं मला ओळखलंच नाही. भ्याली, ओठ काढले, आणि रडली. आवाज आला! फाटका, घोगरा, म्हाताऱ्या बाईसारखा, पण आवाज. बाहेरून आत्याबाई ओरडल्या, "रडू दे तिले! यमुने, उगी नको करू, रडू दे!" मी डोळे पुसायचे सोडून तिला चिमटा काढावा की काय अशा विचारात होते, खोटं नाही सांगत.

बाहेर आले तेव्हा आत्याबाई आणि मार्थाबाई पायरीवर नव्हत्या. दवाखान्याच्या मागं गेल्या होत्या. त्या खेड्यातल्या लेकराच्या जागेवर माझं चक्र ठेवून दोघी हात जोडून उभ्या होत्या. एकीच्या गळ्यात तुळशीची माळ, दुसरीच्या गळ्यात क्रूस. मी तिसरी जाऊन उभी राहिले. त्या लेकराचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. तिकडं पोरी अजून गात होत्या, आणि आता मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या सणात काही न विकता उभी होते. नाताळ कशाचा असतो हे मला त्या दिवशीही नीट कोणी समजावलं नाही. मार्थाबाईनं एवढंच सांगितलं की घरापासून लांब, गोठ्यात, एका घाबरलेल्या बाईचं लेकरू सुखरूप झालं त्याचा. मला तेवढं पुरलं. घाबरलेली बाई मला समजते.

मार्थाबाईनं मग विचारलं, "दुकान उघडं टाकून आल्या नं तुमी?" आत्याबाई परत येऊन पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुकान काय पळून जाऊन राहिलं?" आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून राहिल्या, दाराआडून नातीच्या रडण्याचा आवाज ऐकत. त्या वर्षीपासून नाताळाच्या आदल्या दुपारी आमचं दुकान बंद असतं. आता बाजारात मुंबईहून प्लास्टिकची फुलं आली आहेत, तयार चांदण्या आल्या आहेत, त्या दुपारचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे. आम्ही लाल गुलाब आणि अशोकाची पानं घेऊन अलग वऱ्हांड्यात जातो आणि तिथंच बसून दारांसाठी बांधतो. आत्याबाईंना आता दिसत नाही, पण त्यांना पानं पुसायला लागतात.

निमी शाळेत जाते. आवाज घोगराच राहिला, पोरी चिडवतात. मी मात्र अजून तशीच आहे. तिला शाळेतून यायला जरा उशीर झाला की माझा जीव टांगणीला. दादा, तू दरवेळी विचारतोस, घरी केव्हा येतेस. येईन, तिला घेऊन येईन, मायच्या हातचं खाईन, मळ्यात फिरेन. पण राहा म्हणून आग्रह करू नकोस. जिथं मी सगळ्यात जास्त भ्याले, ते गाव सोडून मला आता कुठंही झोप लागत नाही.