बापटचं यीस्ट

एका गाडीतून रोज दीड तास जाणाऱ्या माणसांकडे किस्से साठणारच. दुबईतली इंटरनॅशनल सिटी ते अबू धाबीतलं मुसफ्फा. गाडी मी चालवतो, शेजारी शिंदे, मागे बापट आणि शारजात वाढलेली सोनल. इतरांच्या गाडीत क्रिकेट चालतं, आमच्या गाडीत यीस्ट!

*

बापटला घरी बियर करायची होती. सुट्टीहून येताना नाशिकहून खास यीस्ट आणलं. वैशालीवहिनींनी दारातच सांगितलं, "इथे असलं चालत नाही. आधी नोकरी जाईल, मग व्हिसा, मग मी!"

मग ठरलं, की बियर नाशिकला कायमचं परत गेल्यावर, गच्चीवर बसून. तोवर यीस्ट बरणीत, फ्रिजमध्ये, साखर घालून जगवायचं. आणि अधूनमधून चमचाभर कोमट साखरपाण्यात सोडून बघायचं. फेस आला तर जिवंत.

"अरे, नाशिकला नवीन मिळेल की!" शिंदे म्हणाला.

बापट एकदम गंभीर. "हे मेलं ना शिंद्या, की समज मी कायमचा इथलाच झालो."

मी उगाच रेडिओ लावला.

*

पहिली टेस्ट भर जुलैत. कृतीत लिहिलं होतं, अर्धं पाणी उकळतं, अर्धं थंड. बापटने किटली लावली आणि थंड नळ सोडला. आता जुलैत आमच्याकडे थंड नळाखाली हात धरला तर माणूस ओरडतो! टाकी गच्चीवर आणि ऊन टाकीवर. यीस्ट जागच्या जागी खलास!

बापट जेवेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "बरणीत अजून आहे ना? आणि किटली हवी कशाला? आपला थंड नळच कोमट आहे!"

तेव्हापासून थंड नळ, साखर, यीस्ट. फेस कधी चुकला नाही.

*

फेसाळलेलं यीस्ट ओतून द्यायला बापटचा जीव होईना. मग वहिनी ते मैद्यात घालून पाव करायच्या. म्हणजे यीस्ट जिवंत तर आम्हाला पावभाजी! शिंदे गाडीत बसल्या बसल्या विचारायचा, "पेशंट कसा आहे?"

"झकास. भरपूर बुडबुडे."

"मग शनिवारी भेटायला येतो!"

सोनलला हे सहन व्हायचं नाही. "बापट अंकल, इट्स अ फंगस! नॉट युवर डॉग!"

पावभाजीला मात्र सगळ्यात आधी हजर तीच.

*

एकदा बापट सुट्टीवर गेला आणि बरणी माझ्या फ्रिजमध्ये आली. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल. "फोन खाली घे. अजून खाली. हलतंय का काही?"

मागून त्याच्या आईचा घाबरलेला आवाज आला, "अरे, कोण आयसीयूत आहे?"

बापट म्हणाला, "आपलंच आहे आई, घरचं!"

माउलीने लगेच देवापुढे दिवा लावला.

*

आणि मग यंदा बापट खरंच परत गेला. बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून, मोठ्या बॅगेत. विमानतळावर आम्हा तिघांना मिठ्या मारल्या. शिंदे चक्क रडला. पावभाजीसाठी नव्हे, असं तो अजून सांगतो.

परवा सकाळी गाडीत असतानाच फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मेलं रे," बापट म्हणाला. आवाज पार बसलेला. "गच्ची धुतली, भांडी आणली, वडिलांनाही पहिला ग्लास घ्यायला कसंबसं तयार केलं. आणि आज टेस्ट केली तर फेसच नाही. तासभर बघतोय. एक बुडबुडा नाही!"

मला खरंच वाईट वाटलं. शिंदेने कपाळाला हात लावला. सोनल हळूच म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, अंकल."

"कडाक्याची थंडी पडलीय इथे," बापट म्हणाला. "दोन स्वेटर घालून त्याच्याशेजारी बसलोय."

सोनल पुढे वाकली. "वेट. अंकल, पाणी कुठलं घेतलं?"

"कुठलं म्हणजे?" बापट वैतागला. "थंड नळाचं! नेहमीसारखं!"