टक-टक म्हणजे होकार

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते एक काचेची खोली, उंच मनोऱ्याच्या माथ्यावरची. चारी बाजूंना आकाश, खाली राखाडी धावपट्टी, मधोमध एक फिरती खुर्ची. खुर्चीत कानाला हेडफोन लावलेली, चाळिशी ओलांडलेली एक बाई. घट्ट अंबाडा, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. तिला सगळे पुन्हाबाई म्हणत.

नावाला कारण होतं. मनोऱ्यातून सूचना द्यायची आणि वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा या धंद्याचा रिवाज. कुणी अर्धवट म्हटलं की बाईंचा गोड आवाज यायचा, "पुन्हा म्हणा." भल्याभल्या कॅप्टनांना तिने शाळकरी पोरांसारखं घोकायला लावलं होतं.

घरीही तोच खाक्या. "येताना दूध आणि साबण आणा," असं सांगितल्यावर नवरा "बरं" म्हणाला की ही दारात आडवी.

"बरं काय? काय आणणार?"

"दूध आणि साबण आणणार, महाराणी! हा संसार आहे की विमानतळ?"

"विमानतळच. म्हणून तर विचारते. तुम्ही रोज भलतीकडेच उतरता."

आतून सासूबाईंचं हसणं ऐकू यायचं. अशी ही बाई, आणि घात झाला तो नेमका तिच्याच हातून.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. दुपारी ते विरलं आणि अडकून पडलेल्या साऱ्या विमानांना एकदम घाई सुटली. सगळे बोलणार रेडिओच्या एकाच वाटेवर. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने दम धरायचा. पण दम कुणाला होता? बाईंच्या कानात नुसता बाजार भरला होता.

त्या बाजारात मामा होते. मालवाहू विमानाचे म्हातारे वैमानिक, एकटेच उडायचे. त्यांना पलीकडच्या गोदामाशी जायचं होतं. बाई म्हणाल्या, "मामा, धावपट्टी ओलांडा." मामांनी ते नीट परत म्हटलं आणि डुलत डुलत निघाले.

तेवढ्यात बाईंनी मान वळवली. उतरायला येणारं मोठं विमान, माणसांनी खच्चून भरलेलं, वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जवळ आलं होतं. त्यांनी लगेच बोलायचं बटण दाबलं. "मामा, ओलांडू नका. अलीकडेच थांबा."

कानात आलं, टक-टक.

वैमानिकांची ही जुनी खोड. बोलायचा कंटाळा आला की बटण नुसतं दोनदा दाबायचं. कळलं, आभार, येतो, सगळं त्यातच. पुस्तकात नाही, पण चालतं. मामा तर टक-टकीचे बादशहा. एरवी बाईंनी त्यांनाही सोडलं नसतं. पण आणखी तीन वैमानिक उत्तरासाठी ताटकळले होते. मामांची टक-टक, म्हणजे मामांचा होकार. बाई पुढच्याकडे वळल्या.

पण टक-टकीला चेहरा नसतो. ती होती नुकत्याच उडालेल्या भलत्याच विमानाची, निरोपाची. मामा त्या क्षणी दुसऱ्या रेडिओवर गोदामवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांच्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

बाईंनी सहज खाली पाहिलं. मामांच्या विमानाचं नाक थांबायच्या पिवळ्या रेघेच्या पुढे आलं होतं. आणि पलीकडून ते मोठं विमान, चाकं खाली, दिवे डोळ्यांत घुसणारे, धावपट्टीवर टेकायच्या बेतात.

"उतरू नका, वर जा!"

नेमकं त्याच वेळी मामांनीही बटण दाबलं, "ओलांडतोय."

रंगमंचावर दोन नट एकदम बोलले तर प्रेक्षक हसतात. इथे दोन्ही आवाज एकमेकांना गिळतात आणि उरते नुसती एक किंचाळी. बाईंच्या कानात ती घुसली. मोठं विमान खालीच येत होतं.

मागून पाळीचे प्रमुख नाना ओरडले, "अगं, बोल की! बोल!"

बाईंचं बोट बटणावर होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही. मामांचं बोट अजून सुटलं नसेल तर पुन्हा तीच किंचाळी, आणि मग तिसरी संधी नाही. त्या थांबल्या. अर्ध्या श्वासाएवढंच. किंचाळी तुटली. वाट मोकळी झाली.

"उतरू नका. वर जा. लगेच वर जा." आवाज वाढवला नाही, एकेक शब्द वेगळा ठेवला.

"वर जातोय," उत्तर आलं. शब्दांत आलं.

इंजिनं गरजली, काचा थरथरल्या. मोठं विमान मामांच्या डोक्यावरून पोट घासल्यासारखं निघून गेलं. मामांनी करकचून ब्रेक लावला होता. त्यांचं विमान धावपट्टीच्या ऐन मध्यावर उभं राहिलं.

मग कानात मामांचा आवाज, एखाद्या पोरासारखा. "बाई, तुम्हीच ओलांडा म्हणाला होतात ना?"

"हो मामा, म्हणाले होते. नंतर थांबा म्हणाले, ते तुम्हाला पोचलं नाही. पोचलं की नाही ते मी विचारलं नाही. चूक माझी."

नानांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. असं काही घडलं की खुर्ची सोडायची, दुसऱ्याने बसायचं, हा नियम बाईंना पाठ होता.

"ऊठ, बाळ. पाणी पी. मी बघतो पुढचं."

"उठते नाना. पण वरचा घिरट्या घालतोय आणि मामा मध्येच गोठलेत. आत्ता नवा आवाज ऐकला तर आणखी बिचकतील."

नानांनी हात काढून घेतला.

बाईंनी पदराने तळवा पुसला आणि बटण दाबलं.

"मामा, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. हळू पुढे चला, पलीकडे जाऊन थांबा. आणि बटण वाजवू नका, तोंडाने सांगा. मी ऐकतेय."