निरुबेनची डावी बाजू

मांजलपुरात बायकांना स्कूटी शिकवावी ती निरुपमा घोरपडेनंच. तिच्या सासरचे आजे-पणजे सरकारी घोडदळात होते, ही स्कूटीवर. गल्लीतून कुत्रं बाहेर पडायच्या आधीच तिला ते दिसायचं. अडचण एकच. ती "डावीकडे" म्हणायची तेव्हा तिचा हात उजवीकडे जायचा. जुन्या शिष्या नव्यांना बजावत, "निरुबेनचं ऐकायचं नाही, हात बघायचा."

नव्या शिष्या कोकिळाबेनना हे कुणी सांगितलंच नव्हतं. २००९च्या मार्चमधली गोष्ट. मागच्या सीटवरून निरुपमा गुजरातीत ओरडली, "डाबी बाजू!" कोकिळाबेन इमानदारीनं डावीकडे वळल्या आणि थेट टोमॅटोच्या हातगाडीत शिरल्या.

लागलं कुणालाच नाही. कोकिळाबेनची उभी हयात शाळेत मागं पडणारी मुलं तपासण्यात गेली होती. केसांतल्या बिया काढत त्यांनी विचारलं, "निरुबेन, लहानपणी वाचायला त्रास व्हायचा?"

"मॅट्रिकला तीनदा बसले. मास्तर ढ म्हणायचे."

"वस्तू विसरता?"

"परवा स्कूटी खंडेराव मार्केटला ठेवून रिक्षानं घरी आले."

"आणि एका जागी बसवतं?"

निरुपमा केव्हाच उठून सांडलेले टोमॅटो गोळा करत होती, वर दोन गिऱ्हाइकांना भावही सांगत होती.

कोकिळाबेननी तिला अलकापुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी दोन तासांची. त्यात निरुपमा अकरा वेळा उठली. बाईंनी समजावून सांगितलं: लक्ष आणि पाय ठरत नाहीत ती एडीएचडी, अक्षरं-आकडे उलटेसुलटे होतात ती डिस्लेक्सिया, आणि भांड्यांना, दारांना धडका बसतात ते हालचालींचा ताळमेळ नसणं. एक असलं की दुसरंही बरेचदा असतं.

घरी निरुपमानं ओळीखाली बोट धरून तपासणीचा कागद स्वतः वाचला. पाऊण तास लागला. मग तिला रडू फुटलं. "आई, मी ढ नव्हते हो."

सासूबाई, जिजाबाई, गोऱ्यामोऱ्या झाल्या. "म्हणजे वीस वर्षं मी तुझ्यावर उगाच ओरडले?"

"उगाच कसं? गॅस चालू ठेवून जात होतेच की मी."

दोघी हसत सुटल्या. नवरा सुभानराव रिफायनरीतून आला तेव्हा हसण्याचं कारण सांगणं दोघींनाही जमेना.

गोळ्यांनी गॅस बंद करायचं लक्षात राहू लागलं. डावं-उजवं मात्र सुधारेना. शेवटी जिजाबाईंनीच सुचवलं: डाव्या हातात लाल बांगड्या, उजव्यात हिरव्या. शिष्यांनाही तसंच. आता मागून हाक यायची, "लाल! लाल! आता हिरवी!" आणि गाडी बरोबर वळायची.

लायसन्सच्या परीक्षेला साहेब म्हणाले, "डाबी बाजू वळा."

कोकिळाबेननी मनगटं पाहून खात्री करून घेतली. "लाल ने?"

"कसली लाल?" साहेब बुचकळ्यात पडले, पण तोवर त्या झोकात डावीकडे वळल्याही होत्या.

पहिल्याच फटक्यात पास. कुंपणाबाहेर निरुपमानं इतक्या जोरात टाळ्या पिटल्या की तिच्या दोन हिरव्या बांगड्या फुटल्या.