साडूंनी वसवलेले शहर

वऱ्हाडात एकही शहर धड वसलेले नाही आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे ते काम कोणी माझ्या साडूंकडे सोपवले नाही, असे माझ्या मुलीचे मत आहे. ती दहा वर्षांची आहे. अमरावतीत वर्तमानपत्राच्या बातम्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे एकतर्फी विधान मी सहसा जाऊ देत नाही. पण या प्रकरणात दुसरी बाजू मांडणारा घरात मी एकटाच आहे. बायको त्यांची मेहुणी, म्हणजे तटस्थ नाही. सासूबाईंनी तर आपल्याला दोन जावई आहेत हे कधी पुरते मान्यच केलेले नाही.

खेळ मी आणला होता, हे आधी नोंदवतो. मुलीच्या वाढदिवसासाठी मी स्वतः दुकानात जाऊन निवडला. पुठ्ठ्याचा पट आणि पुठ्ठ्याचेच चौकोनी तुकडे. कुणावर घर, कुणावर शाळा, बाजार, बाग, तळे, कारखाना. पाळीपाळीने एकेक तुकडा मांडून सगळ्यांनी मिळून शहर वसवायचे. घराशेजारी बाग ठेवली तर गुण वाढतात, कारखाना ठेवला तर घटतात आणि शेवटच्या पाळीला ज्याने चौकोन रिकामा सोडला त्याला दंड. रविवारी मी आणि मुलगी समोरासमोर बसू, असा माझा बेत होता. त्याच दिवशी अकोल्याहून साडू आले, खाली मांडी घालून बसले आणि त्यानंतर त्या पटासमोरून उठले असे मला वाटत नाही.

अकोल्यात त्यांचे कृषी केंद्र होते. पेरणीचा हंगाम सोडला की दुकान नोकरावर टाकून ते दर रविवारी अमरावतीला येत. हातात वांग्यांची पिशवी आणि दारातूनच हाक, "ए पोट्टे, गाव काढ!" खेळाच्या नियमांचा कागद त्यांनी कधी वाचला नाही. मी वाचून दाखवू लागलो तर म्हणत, "कागद वाचून कोनी गाव वसवते काय, साडूभाऊ?" पहिला तुकडा तळ्याचा. त्याशिवाय ते एकही घर ठेवू देत नसत. "अकोल्याचा मानूस हाय मी. पानी दिसल्याशिवाय बांधकाम नाही." मग प्रत्येक घरात कोण राहते ते ठरायचे. हे हेडमास्तरीणबाईंचे, हे फटफटी दुरुस्त करणाऱ्या चाचांचे, हे दोन सुनांच्या सासूचे. सासूचे घर बाजारापासून लांब ठेवले जाई, कारण ती भाजीवाल्याशी भांडते.

एकदा भर मे महिन्यात त्यांच्या वाट्याला कारखाना आला. तो कोपऱ्यात ठेवून त्यांनी बोट तोंडात ओले केले, हवेत धरले आणि गंभीरपणे म्हणाले, "पंखा बंद करा साडूभाऊ. धूर सारा शायेवर जाऊन राहिला." कूलर आधीच बिघडलेला होता. एरवी वीज गेली की घर डोक्यावर घेणारी माझी मुलगी स्वतः उठली आणि तिने पंखा बंद केला. कारखान्याला सुटी होईपर्यंत आम्ही घामाने निथळत बसलो. सुटी कधी व्हायची, तेही तेच ठरवत.

"शाया नाही, शाळा," मी म्हणालो.

"तेच म्हनलं ना म्या. शाया."

मुलगी हसत हसत पटावर कोसळली. त्या दिवसापासून ती शायेत जाऊ लागली, डोये चोळत उठू लागली. आयुष्यभर लोकांचे शुद्धलेखन सुधारलेल्या माणसाच्या घरात हे चालले होते.

पटाच्या मधोमध एक चौकोन मात्र ते शेवटपर्यंत मोकळा ठेवत. शेवटची पाळी ते स्वतःकडे मागून घेत आणि हातातला तुकडा सरळ डब्यात टाकत. दंड बसतो, असे मी दरवेळी सांगे. "बसू द्या ना. लोकाइले बसाले जागा नको काय? का दिवसभर बांधूनच राहतीन?" त्यामुळे प्रत्येक डाव ते हरत आणि मी जिंकत असे. मी गुणांची बेरीज जाहीर करी तेव्हा सासूला भाजीवाल्याशी समेट करायला लावावा की नाही, यावर त्या दोघांची चर्चा चाललेली असे. बेरीज कोणी ऐकली नाही.

यंदा साडूंचे गुडघे गेले. दुकान विकून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाण्यापूर्वी ते येऊन गेले, खेळाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता गाव तुमच्याकडं." मला वाईट वाटले, पण त्याआधी रविवार मोकळे झाल्याचे वाटले.

पुढच्या रविवारी मी आणि मुलगी समोरासमोर बसलो. मी सगळे चौकोन भरले आणि जिंकलो. तिने पट नीट पाहिला. "छान आहे बाबा. पण तुमच्या शहरात कोणी राहतच नाही."

त्यानंतरच्या रविवारी मी एक तुकडा ठेवला. "हे काय?" तिने विचारले.

"शाया," मी म्हणालो.

ती हसत हसत पटावर कोसळली. वर्षभर ज्या हसण्याची मी वाट पाहिली, ते अगदी हेच. मग तिने फोन उचलला आणि व्हिडिओ कॉल लावला. "मावसाजी! बाबा शाया म्हणाले!"

"बापा! सुधरले साडूभाऊ!" पुण्याहून आवाज आला. मग जरा थांबून, "मधला चौकोन मोकया हाय ना?"

मुलीने फोन पटाकडे वळवला. तेवढा एकच चौकोन उरला होता, पाळी माझी होती आणि हातात बागेचा तुकडा होता.

"हाय," मी म्हणालो आणि तुकडा डब्यात टाकला.

"बरं झालं. इथं बिल्डिंगीत खाली बसाले जागाच नाही हो. साऱ्या गाड्याच गाड्या."

तो डाव मी हरलो. मुलीने फोन डब्याला टेकवून पटासमोर उभा केला आणि कारखान्याच्या धुराने हेडमास्तरीणबाईंना खोकला झाल्याची खबर ती त्यांना देऊ लागली. माझ्याकडे तिचे लक्ष नव्हते. मी उठलो आणि पंखा बंद केला.